टिपणिसांची उत्तर दिशा

"तिसरीच्या अभ्यासाला शिकवणी? अगं, तिसरी म्हणजे काय सी.ए.ची परीक्षा आहे?" कृष्णकांत टिपणीस चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "मी बसवतो तिला. रोज अर्धा तास. दिवाळीपर्यंत बघ, वर्गात पहिली येते की नाही!"

शशिकलाने नवऱ्याकडे पाहिलं आणि पोळी उलटली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. असे 'बघ'ने संपणारे बेत तिने बरेच पाहिले होते.

एक्क्याण्णव सालचा जुलै महिना होता. टिपणीस कुटुंब गिरगावातल्या दीड खोलीतून नवीन पनवेलच्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात येऊन जेमतेम महिना झाला होता. कृष्णकांतची बदली न्हावा शेवा बंदरावरच्या एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात झाली, म्हणून हा सगळा खटाटोप. इमारत नवी, आठ बिऱ्हाडं नवी, रंगाचा वास नवा. जुनी होती ती फक्त कृष्णकांतची आई कमळाबाई, आणि तिचा लोखंडी पलंग.

त्यांची रेवा नुकतीच तिसरीत गेली होती. दुसरीपर्यंत पोरगी कशी सोपी होती! पाढे म्हण म्हटलं की म्हणायची, कविता पाठ कर म्हटलं की करायची. तिसरीत मात्र काहीतरी बिघडलं. एक म्हणजे पुढचे दोन दात आले ते चेहऱ्यापेक्षा मोठे आले. गुणाकारात हातचे आले, भूगोलात रायगड जिल्हा आला. आणि तिच्या वर्गाच्या आशालता बाईंनी मुलांना एक शब्द शिकवला, 'कशावरून?'

"कोणी काही सांगितलं की विचारायचं, कशावरून?" बाई म्हणाल्या होत्या. "आणि मग स्वतः बघायचं."

रेवा घरी आई आणि आजीवर हा शब्द मनमुराद वापरायची. दूध प्यायलं की उंची वाढते. कशावरून? बाबा लहानपणी हुशार होते. कशावरून? शाळेत मात्र तिचं तोंड उघडत नव्हतं. नवी शाळा, बेचाळीस अनोळखी मुलं. बाईंनी नाव विचारलं तरी उत्तर इतकं हळू यायचं की बाईंना वाकावं लागे. तिची एकच मैत्रीण झाली होती. बरोबर वरच्या मजल्यावरच्या महादेवराव चौबळांची नात निशा. दोघी एका छत्रीतून शाळेत जायच्या आणि दोघी भिजून परत यायच्या.

तर एका शनिवारी रेवा गृहपाठ घेऊन आली. 'आपल्या घराच्या चार दिशा शोधा व घराचा नकाशा काढा.'

"सोप्पं आहे!" कृष्णकांत म्हणाला. "उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं..."

"सूर्य कुठाय?" रेवाने विचारलं.

हा प्रश्न रास्त होता. ते राहायला आल्यापासून पनवेलात सूर्य दिसलाच नव्हता. आभाळ सकाळी जसं असायचं तसंच संध्याकाळी. समोरचे डोंगर ढगात बुडालेले. घर घेताना बिल्डरच्या माणसाने "दार पूर्वेला आहे, साहेब" असं सांगितलं होतं, पण शशिकलाने ते सांगताच रेवा म्हणाली, "कशावरून?"

कृष्णकांतला स्फुरण चढलं. "चल! आपण होकायंत्र बनवू!"

रविवारी सकाळी चहा होताच तो कामाला लागला. बंद पडलेला रेडिओ उघडला, त्याच्या स्पीकरमधलं चुंबक उपटून काढलं. शिवणाची सुई त्यावर पन्नास वेळा घासली. औषधाच्या बाटलीच्या बुचाची चकती कापली, सुई तीत खुपसली, उत्तरेच्या टोकाला कुंकू लावलं आणि श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणात पाणी घालून ती वर सोडली. चुंबक त्याने लेंग्याच्या खिशात टाकलं आणि त्या क्षणापासून तो ते साफ विसरला.

गॅलरीकडे पाठ करून तो जमिनीवर बसला. सगळं घर भोवती गोळा झालं. सुई डुलली, लटपटली, आणि कुंकवाचं टोक ताठ गॅलरीकडे वळलं. म्हणजे खरं तर कृष्णकांतच्या लेंग्याकडे वळलं. पण लेंग्याच्या मागे गॅलरी होती!

"ही उत्तर!" कृष्णकांतने गॅलरीकडे अंगठा दाखवला. "लिही रेवा. गॅलरी उत्तर, स्वयंपाकघर पूर्व, झोपायची खोली पश्चिम, आणि दार..." तो थबकला.

"दार दक्षिणेला?" कमळाबाईंनी छातीला हात लावला. "यमाच्या दिशेला? कृष्णा, महिनाभर आपण यमाच्या दारातून ये-जा करतोय!"

"आई, तसं काही नसतं."

"आणि माझा पलंग! उशी गॅलरीकडे आहे! उत्तरेला डोकं करून कोणाला निजवतात, माहीत आहे ना तुला?" त्या जागच्या जागी बसल्या. "तरीच! आल्यापासून गुडघा धरलाय. दोनदा दूध उतू गेलं. आणि देवांसमोर बसते तेव्हा तोंड दाराच्या अंगाला, म्हणजे मी महिनाभर दक्षिणेकडे बघून पूजा केली!"

त्यापुढे घरात जे झालं त्याला बदलीपेक्षा जास्त श्रम लागले. कमळाबाईंचा लोखंडी पलंग फिरवायचा तर मधे कपाट येत होतं. कपाट सरकवायचं तर जेवणाचं टेबल आड. टेबल जिन्यात गेलं, कपाट टेबलाच्या जागी, पलंग कपाटाच्या जागी. देव्हाऱ्याचं तोंड फिरवल्यावर तो गॅसच्या शेगडीसमोर आला, म्हणून शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि तिची नळी पुरेना म्हणून सिलिंडर ओट्याखालून बाहेर आला.

"अहो, आता मी फोडणी दारात उभी राहून टाकू का?" शशिकलाने विचारलं.

कपाट ओढल्याचा आवाज ऐकून वरून महादेवराव चौबळ उतरले. ते रिटायर्ड होते आणि होऊ घातलेल्या सोसायटीचे होऊ घातलेले चेअरमन होते. इमारतीतला प्रत्येक आवाज आपल्या अखत्यारीत येतो अशी त्यांची समजूत होती.

"टिपणीस, घर सोडताय की काय?"

कृष्णकांतने झाकण दाखवलं, सुई दाखवली, दार दक्षिणेला आहे हेही सांगितलं. महादेवरावांचा चेहरा उतरला. "आमचं घर तुमच्या डोक्यावरच. वर येऊन जरा बघता का?"

वर कृष्णकांतने झाकण हॉलच्या मधोमध ठेवलं आणि स्वतः झोपायच्या खोलीच्या दारात उभा राहून, कमरेवर हात ठेवून बघू लागला. सुई डुलली आणि झोपायच्या खोलीकडे वळली. चौबळांच्या घरात उत्तर झोपायच्या खोलीत निघाली! मघाशी खाली ती गॅलरीत होती हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. कृष्णकांतच्या तर मुळीच नाही, कारण मिसेस चौबळांनी तेवढ्यात कांद्याची भजी पुढे केली होती.

दुपारपर्यंत तो पाच घरी जाऊन आला. तळमजल्यावर उत्तर न्हाणीघरात सापडली. तिसऱ्या मजल्यावर ती एका घरात फ्रिजमागे आणि समोरच्या घरात जिन्यावर निघाली. प्रत्येक घरात चहा झाला आणि तो निघाला की मागे कपाटं ओढायचे आवाज सुरू झाले. त्या रविवारी इमारत आगगाडीसारखी धडधडत होती. "जगभर माल पाठवणारा माणूस तो," महादेवराव जिन्यात सांगत होते. "दिशा त्यालाच कळणार!"

"बघितलंस?" संध्याकाळी कृष्णकांत शशिकलाला म्हणाला. "म्हणे शिकवणी लावा!"

सोमवारी रेवाने नकाशा बाईंच्या टेबलावर ठेवला. त्याच्यावर निशानेही ठेवला. बाईंनी दोन्ही पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले.

"तुम्ही दोघी एकाच इमारतीत राहता ना गं?"

"हो बाई. मी हिच्या बरोबर वर," निशा म्हणाली.

"मग खाली उत्तर गॅलरीत आणि वर झोपायच्या खोलीत कशी? जिना चढताना दिशा वळते की काय?"

बेचाळीस मुलं हसली. निशा ठणकावून म्हणाली, "आमची बरोबर आहे! आमची हिच्या बाबांनीच शोधलीय!" रेवाला म्हणायचं होतं, आमची पण माझ्या बाबांनीच शोधलीय. पण ती ते इतकं हळू म्हणाली की कोणाला ऐकूच गेलं नाही, आणि मुलांना वाटलं हीच चुकली. बाईंनी दोन्ही वह्यांत लाल शेरा मारला, 'एका इमारतीत दोन उत्तर दिशा कशा? पालकांनी गुरुवारी भेटावे.'

त्या दिवशी घरी येताना दोघी एका छत्रीत नव्हत्या. निशा छत्री घेऊन पुढे गेली. रेवा मागून एकटी भिजत आली, दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि जेवायलाही उठली नाही.

"काय झालं गं, बाळा?" कृष्णकांतने घरी आल्यावर विचारलं.

"निशा म्हणाली, तुझ्या बाबांनी आम्हाला बरोबर उत्तर दिली आणि तुला चुकीची. कारण तुम्हाला मी आवडत नाही."

कृष्णकांतला हसू यायला हवं होतं, पण पोरीचे डोळे बघून ते आलं नाही. तो तडक वर गेला.

"महादेवराव, काहीतरी घोटाळा आहे. माझी उत्तर गॅलरीत आहे."

"असेल. माझी झोपायच्या खोलीत आहे," महादेवराव शांतपणे म्हणाले. "आणि आता ती मी हलवणार नाही. तीन माणसं लागली होती कपाटाला!"

"पण दोन्ही कशा बरोबर असतील?"

"तुमची चुकली असेल. घरच्या कामात माणूस निष्काळजी असतोच."

दार हळूच पण पक्कं लागलं.

मंगळवारी सकाळी कृष्णकांतला अंथरुणातून उठता येईना. रविवारच्या कपाटाने त्याची कंबर धरली होती. ऑफिसला निरोप गेला, आणि तो त्याच लेंग्यात झोपायच्या खोलीत छताकडे बघत पडून राहिला. बाहेर काय चाललंय ते त्याला सगळं ऐकू येत होतं.

दुपारी रेवा शाळेतून आली. तेवढ्यात दारात टोपली टेकल्याचा आवाज झाला. ती जनी होती, उरणकडची कोळीण. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की ती सोडे, बोंबील, जवळा अशी सुकी मासळी घेऊन यायची.

"आजी, ह्ये टेबल जिन्यात कनाला?" जनीने विचारलं.

"अगं, दिशा चुकल्या होत्या," कमळाबाई म्हणाल्या. "दार दक्षिणेला निघालं."

"दक्षिनेला? कोन बोलला?" जनी हसली. "उगवत माझ्या पाठीमागं हाय. या दारातनं सूर्य येनार तुमच्या घरात, पाऊस गेला की बघा."

"कशावरून?" हा रेवाचा आवाज होता.

"अगो बाय, ही ग्यालरी रोज भिजतंय का नाय?"

"भिजते."

"आनि ह्या दाराशी एक थेंब तरी येतो?"

"नाही."

"पावसाचा वारा दर्यावरनं येतो, बाय. आनि दर्या मावळतीला. आमी कोळी, आमाला सुई नाय लागत. मंग ग्यालरी कुठं झाली?"

"मावळतीला... पश्चिमेला!" रेवा पुटपुटली.

आत कृष्णकांतने उशीवरून मान उचलली. "रेवा, विज्ञान वेगळं आणि वारा वेगळा!" तो ओरडला, पण कळ आली म्हणून पुन्हा आडवा झाला. जनी सोडे मोजून देऊन गेली. मग बाहेरच्या खोलीत झाकणात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

"आजी," रेवा हळूच म्हणाली, "सुई आज गॅलरीकडे जात नाही. स्वयंपाकघराकडे जाते."

"पुन्हा बघ."

"पाच वेळा बघितलं. फिरवून सोडली तरी तिकडेच येते."

कृष्णकांतला राहवेना. भिंत धरून, कंबर धरून तो उठला आणि बाहेर आला. झाकणाजवळ आला मात्र, सुई थरथरली, स्वयंपाकघर सोडून गर्रकन वळली आणि कुंकवाचं टोक त्याच्यावर रोखून उभी राहिली. एखाद्याला बोट दाखवावं तशी!

रेवा सुईकडे बघत होती. मग तिने बाबांकडे पाहिलं. "बाबा, परत आत जा."

"अगं, मला चालवत नाही."

"जा ना. आता दाराकडे या. आता गॅलरीत." तिचा आवाज हळू नव्हता. कृष्णकांत कण्हत दाराकडे गेला, सुई दाराकडे. तो गॅलरीपाशी गेला, सुई गॅलरीकडे. शशिकला पोळपाट सोडून आली. कमळाबाई पलंगावरून पुढे वाकल्या. चौघं, म्हणजे तीन बायका आणि एक सुई, कृष्णकांतकडे टक लावून बघत होती.

"उत्तर नाही ही," रेवा म्हणाली. "ही बाबांच्या मागे फिरतेय!"

"कृष्णा," कमळाबाईंनी थंडपणे विचारलं, "खिशात काय आहे तुझ्या?"

त्याने खिशात हात घातला. रेडिओचं चुंबक बाहेर आलं. त्याला शिवणाच्या दोन सुया आणि शशिकलाची आठवडाभर हरवलेली साडीची पिन चिकटलेली होती.

शशिकला हसली असती तर बरं झालं असतं, ती फक्त पुढे झाली, पिन काढून घेतली आणि म्हणाली, "सिलिंडर आधी आत घ्या."

"तुमची कंबर बरी झाली की," असं म्हणायला मात्र ती विसरली नाही.

संध्याकाळी कृष्णकांत वाकलेल्या कमरेने पाचही घरी जाऊन आला. या वेळी चहा कुठेच झाला नाही. न्हाणीघरात उत्तर निघालेल्या गृहस्थांनी नुसती मान हलवली. महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. चुंबक हातात घेऊन निरखलं. "म्हणजे परवा माझ्या घरात उत्तर म्हणून तुमचा लेंगा निघाला?"

"तसंच म्हणायचं."

"आणि मी त्याच्याकडे डोकं करून झोपत नव्हतो, अपशकुन नको म्हणून!" ते क्षणभर थांबले आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते खुर्चीत बसले. मग त्यांनी हाक मारली, "निशा! खाली जा आणि रेवाला घेऊन ये. भजी करायला सांग आजीला."

रात्री झोपताना रेवाने विचारलं, "बाबा, तुम्ही रागावलात?"

कृष्णकांतने विचार केला. राग आला होताच, थोडासा. पण आज तिने त्याला या दारापासून त्या दारापर्यंत चालवलं होतं, आणि तो चालला होता. महिनाभर जी पोर बाईंना नाव सांगताना कुजबुजत होती, ती आज घरभर ऐकू गेली होती. "नाही गं," तो म्हणाला. "पण मला आधी का नाही म्हणालीस, कशावरून?"

"तुम्ही बाबा आहात ना," रेवा म्हणाली. "मला वाटलं, बाबांना विचारायचं नसतं."

कृष्णकांतने तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "मला पण विचार," तो म्हणाला.

गुरुवारी तो शाळेत गेला. आशालता बाई रागावल्या नव्हत्या. सगळं ऐकल्यावर त्यांचे डोळेच चमकले. "चुंबक आणलंय ना? मग वर्गातच करून दाखवू या." आणि त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. तो बाक आठ वर्षांच्या मुलांसाठी होता. कृष्णकांतचे गुडघे हनुवटीला लागले.

रेवा टेबलापाशी उभी राहिली. तिने झाकणात पाणी घातलं, सुई सोडली आणि बेचाळीस मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझे बाबा. सुई यांच्याकडे वळते. पण म्हणून हे उत्तर दिशा नाहीत."

मग तिने त्याला खिडकीपाशी नेलं, दाराशी नेलं, फळ्यापाशी नेलं. सुई इमानदारीने त्याच्या मागे फिरली. मुलं खुश झाली. मग त्याच्या खिशातलं चुंबक काढून दूर नेऊन ठेवलं, सुई शांत झाली आणि खऱ्या उत्तरेला जाऊन थांबली. रेवाने फळ्यावर चार बाण काढले, आणि पुसूनही टाकले, कारण बाईंनी सांगितलं, आता दुसऱ्यांनी ओळखायचं.

कृष्णकांत पुन्हा बाकात कोंबून बसला होता. त्याचा ऊर भरून आला होता. बाण कुठे कुठे होते याकडे त्याचं अजिबात लक्ष नव्हतं.

"आता पहिल्या बाकावरचे सांगतील," आशालता बाई हसून म्हणाल्या. "रेवाचे बाबा, पूर्व कुठे?"

कृष्णकांत कसाबसा उठला. त्याने लेकीकडे पाहिलं. रेवाने डोळे मोठे करून, गालातल्या गालात हसत, डावीकडच्या खिडकीकडे पाहिलं. शहाणी पोर! बापाला उघडं पडू देत नाही! त्याने छाती पुढे काढली आणि डावीकडच्या खिडकीकडे ठामपणे हात केला.

"पूर्व!"

सगळ्या वर्गाला हसू फुटलं. पूर्व बरोबर उलट बाजूला होती. मुलं बाकांवर हात आपटून हसत होती. त्या खिडकीपाशी निशा बसली होती, आणि रेवा तिच्याकडे बघून हसत होती.

"बसा," बाई म्हणाल्या.

पण तेही त्याला एका झटक्यात जमलं नाही.